इंटरचेंजसाठी शब्द

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी उरण भागातल्या आमच्या गावी राहायला आले आणि घरबसल्या भाषांतरं घेऊ लागले. त्यातलं एक काम रस्त्याचं होतं. गावाजवळच्या तिठ्यावर इंटरचेंज होणार होता, आणि रहिवाशांना वाटायच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं होतं. तिठा माझ्या ओट्यावरून दिसतो. एक रस्ता पनवेलकडून येतो, दुसरा न्हावा-शेव्याकडे जातो, तिसरा मिठागरांच्या कडेने कोळीवाड्यात उतरतो.

शब्द पहिल्याच ओळीत अडला.

कोशात आधी अदलाबदल दिलं होतं. अदलाबदल वस्तूंची होते, देवळाबाहेर चपलांची होते, ती चुकूनही होऊ शकते. देवाणघेवाण विचारांची होते आणि ती सहसा भाषणात होते. विनिमय अर्थशास्त्राच्या पुस्तकातून फारसा बाहेर पडत नाही. साटंलोटं म्हणजे पूर्वी दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करून घेणं. बातम्यांत ते आता पुढारी आणि बिल्डर करतात. या सगळ्या शब्दांना समोरासमोर दोन माणसं लागतात.

रस्त्याचे शब्द वेगळे काढले. नाक्यावर कोणीतरी अडवतं. फाट्यावर एसटी सोडून जाते. तिठ्यावर वाट विचारतात. चौफुलीवर पोलीस असतो, निदान त्याची छत्री असते. पत्रकासोबत आलेल्या नकाशात यातलं काहीच नव्हतं. गाडी एका रस्त्यावरून वर चढते, वळसा घेते आणि ब्रेक न लावता दुसऱ्या रस्त्याला लागते. कोणी थांबू नये यासाठीच ती रचना आहे. मला आठवलेल्या प्रत्येक मराठी शब्दात माणूस थांबत होता.

काम देणाऱ्या कार्यालयातल्या मुलाला मी फोन केला.

"मॅडम, इंटरचेंजच ठेवा ना. लोकांना कळतं."

"मग माझी गरज काय?"

"अहो, बाकीचं आहे ना!"

त्याच दुपारी कोळीवाड्यातली माझी नेहमीची मासळीवाली आली. ती दर आठवड्याला तिठा ओलांडून पायी यायची. सुका जवळा, बोंबील, कधी करंदी. मी तिला भात द्यायचे. भात संपला की चिंच, नाहीतर नारळ. भाताचं माप शिगेसकट द्यायचं, वरून हात फिरवायचा नाही, हा नियम तिच्या सासूच्या आणि माझ्या आईच्या वेळचा. तीही टोपलीतून मासळी दिल्यावर वर एक मूठ टाकायची, मांजरासाठी. माझ्याकडे मांजर नव्हतं. आठवड्यात घराची पायरी चढून आत येणारी ती एकटीच होती.

"काय गो बाय, कोनाचा कागूद वाचतेस?"

"इथे रस्त्याचा मोठा पूल होणार आहे. त्याला मराठीत काय म्हणू?"

"पूल म्हन."

"नुसता पूल नाही तो. गोल गोल फिरून जातो."

"मंग जिलबी म्हन." ती टोपलीवर हात ठेवून हसली. "पन जेवलीस का ते सांग. रोज कागूदच खातेस वाटतं."

शेवटचं पान मी ती गेल्यावर केलं. त्यात नियम होते. पादचारी, सायकली आणि बैलगाड्यांना प्रवेश नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण. पायी जाणाऱ्यांसाठी वाट खाडीच्या पुलावरून, म्हणजे मिठागरांना पूर्ण वळसा घालून. वाक्यं सोपी होती. एकही शब्द अडला नाही. मासळीवाली कोणत्या वाटेने येते, ते मला ही वाक्यं लिहून झाल्यावर लक्षात आलं.

पुढच्या खेपेला मी तिला ते वाचून दाखवलं.

"असा कसा न्हाय? माजी सासू याच वाटंन आली."

"आता कुंपण घालणार आहेत."

"मंग तू ये की. तुजं पाय काय मोडलं?"

मी शेवटी 'उन्नत जोडमार्ग' असा शब्द दिला. छापलेल्या पत्रकात इंटरचेंज होतं, आणि पाटीवरही तेच लागलं. गावातही तसंच म्हणतात. त्यात मला चूक दिसत नाही.

काम सुरू असताना ती येत होती, खांबांमधून, सळ्या चुकवत. मग कुंपण आलं. त्यात कोणीतरी फट पाडली आणि ती फटीतून येऊ लागली. फट बुजवली गेली. एकदा ती रिक्षाने आली आणि बसल्यापासून उठेपर्यंत रिक्षावाल्याला शिव्या देत होती. त्यानंतर फोन आला. खाडीच्या वाटेला गुडघे ऐकत नाहीत, म्हणाली. दुकानात सुकी मासळी मिळते. मी आणू लागले. पावसाळाभर कंटेनरांचा आवाज वरून यायचा. संध्याकाळी कधी लक्षात यायचं की सकाळपासून आपण कोणाशी बोललेलो नाही.

दिवाळीनंतर चुलतभावाने नवा भात आणून टाकला. मी त्यातला थोडा पिशवीत भरला, मापही सोबत घेतलं आणि रिक्षा केली. रिक्षा वर चढली, वळसा घेतला, खाली उतरली.

ती अंगणात बोंबील काठीवर टाकत होती. मला पाहिल्यावर तिने हात पदराला पुसले आणि आत हाक मारली, "गो, पावनी आली. खुर्ची आन." सुनेने खुर्ची आणली, पाणी आणलं. मला पायरीवर बसायचं होतं, पण ते कोणी ऐकलं नाही. जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, कालवण, ताटाबाहेर काही सांडू नये अशा बेताने वाढलेलं.

जेवण झाल्यावर मी पिशवी पुढे ओढली आणि माप बाहेर काढलं. तिने मापावर हात ठेवला.

"ठेवा ते आत. पावनीकडून मोजून घेऊ? लोक काय म्हनतील?"

ती मला तुम्ही म्हणत होती. सून बाजूला उभी होती. कदाचित तिच्यामुळे असेल. भाताची पिशवी तिने स्वतः आत देवाजवळ नेऊन ठेवली. येताना जवळ्याची बांधलेली पुडी आणली आणि दोन्ही हातांनी मला दिली. पुडी चांगली मोठी होती. वर मूठ टाकायला ती उघडी नव्हती.

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊ का?

"एवढी रिक्षा करून? नका नका." ती खरोखर काळजीने म्हणाली. "जत्रेला या. तवा पोरीपन माहेरी येतान. दोन दीस ऱ्हावा."

येते म्हणाले. त्यांची जत्रा चैत्रात असते. दिवाळीचा कंदील तिच्या दारावर अजून टांगलेला होता.