दाढीचं वाक्य

मी एक वाक्य लिहिलं होतं. ‘कामगाराने दाढी राखलेली असल्यामुळे मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला नाही व त्यास वायूची बाधा झाली.’ खाली माझी सही, हुद्दा आणि प्रकल्पाचा शिक्का. दाढीवर मास्क बसत नाही हे खरंच आहे. पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर मास्क नव्हताच.

पाच वर्षं हे मी कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. मुळात मी कमी बोलणारा, त्यामुळे कुणाला वेगळं काही जाणवलंही नाही.

त्याआधी अकरा वर्षं मी आखातात तेलविहिरींवर होतो. काम एकच, गॅसपासून माणसं सांभाळायची. तेलाबरोबर हायड्रोजन सल्फाइड वर येतो. थोडा असला की नासक्या अंड्याचा वास येतो. वाढला की तो आधी नाकच बधिर करतो. वास थांबतो, माणसाला वाटतं गेला गॅस, आणि दोन-चार श्वासांत माणूस आडवा. तिथं प्रत्येकाच्या छातीशी मीटर असायचा, कामाला जोडीदार असायचा, आणि गाल गुळगुळीत असल्याशिवाय आत पाऊल टाकता यायचं नाही. एका इंजिनिअरला मी तीन दिवसांच्या खुंटांसाठी फाटकावरून परत पाठवलं होतं. तो तोंडाला येईल ते बोलला. मी त्याच्या हातात रेझर ठेवला.

तोच मी गावाकडे आलो आणि मऊ झालो.

आमच्या भागात एक खासगी प्रकल्प सुरू झाला होता. उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ मोठ्या टाक्यांत कुजवायचा आणि त्यापासून गॅस करायचा. त्यातही हाच वायू असतो. तेलविहिरीवरचा माणूस म्हणून मला सुरक्षा अधिकारी नेमलं. ऑफिसात काचेच्या कपाटात पाठीवर घ्यायच्या सिलिंडरसकट चार मास्क होते. पाहुणे आले की मॅनेजर त्या कपाटापुढे अभिमानानं उभा राहायचा. एका मास्कवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. कपाटाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे. मीटर दोन, दोन्ही बंद. नव्यासाठी मी तीन वेळा लिहून दिलं. चौथ्यांदा दिलं नाही.

कामगार नाकावर चालायचे. “वास येतोय तवर भ्यायचं न्हाय, अन् वास गेला म्हंजी गॅस गेला,” असं जुना नव्याला शिकवायचा. ते शिकवणं ऐकून मी हो-नाही काही न म्हणता पुढं जायचो.

ज्याच्यावर मी ते वाक्य लिहिलं, तो निरवांगीचा. घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती. मी शेळगावचा, घरचा इतिहास तोच. वारा त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचा. चिमूटभर माती सोडून सांगायचा, “आज ह्या अंगानं नका जाऊ तात्या, डोस्कं धरंल.” दाढी छातीपर्यंत. मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो, “गड्या, ही काढावी लागंल. मास्क बसत नाही हिच्यावर.”

“कंचा मास्क? त्यो शोकेसातला?” तो हसला. “त्याला तर तुमी बी हात लावत न्हाय. हळदीकुंकू वाहता का न्हाय रोज?”

मग खाली बघून म्हणाला, “पोरीचं पाय जन्मापासनं वाकडं हायती. प्लास्टर चालूय बारामतीला. ती आपल्या पायानं देवळाची पायरी चढंस्तवर वस्तरा लावायचा न्हाय, असं बोललोय देवाला.”

आखातात परक्या माणसाच्या हातात रेझर देणारा मी, आपल्या माणसाच्या नवसापुढं नरम पडलो. त्याला माया म्हणावं, तर खरं कारण निराळं होतं. मास्क कपाटातून निघणारच नव्हते. मग दाढीवरून भांडायचं कशाला?

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गाळाच्या खड्ड्यातला पंप तुंबला. झाकण उघडून सळई घालायची होती. मी मॅनेजरला फोन लावला. तो बारामतीला मीटिंगला होता.

“किल्ली खिशात आहे हो माझ्या. दहा मिनिटांचं काम, त्याला काय मास्क लागतोय? गाळाचा टँकर उभाय. करून घ्या.”

मी करून घेतलं. हे तीन शब्द लिहायला मला पाच वर्षं लागली. निरवांगीच्या त्या गड्याच्या हातात सळई दिली, कमरेला दोर बांधला, वारा पाठीशी ठेव म्हणालो. त्यानं माती सोडून बघितली, मान हलवली, झाकण सरकवलं. थोड्या वेळानं वळून म्हणाला, “गेला बगा वास.” त्याचा अर्थ तिथं फक्त मला कळत होता. मी “मागं फिर” म्हणून ओरडलो तोवर तो खड्ड्याच्या तोंडाशी कोसळला होता.

दोर ओढला, तर तो झाकणाला अडकला. मी ऑफिसात पळालो, पान्यानं काच फोडली, मास्क चढवला आणि त्याला ओढून काढलं. लोक आजही सांगतात, तात्यानं जिवावर उदार होऊन माणूस वाचवला. पाना सकाळपासून माझ्या हातात होता. काच माणूस पडल्यावर फुटली, आधी का नाही, हे एकानंही विचारलं नाही.

तो वाचला. मात्र त्या दिवसाचं त्याला काहीच आठवेना. हात थरथरायचा तो कायमचा. मॅनेजर फळं घेऊन दवाखान्यात आला आणि त्याच्या उशाशी बसून म्हणाला, “दाढीनं घात केला बघ तुझा. मास्क दिला होता, पण बसलाच नाही.” मी पायथ्याशी उभा होतो. खाटेवरून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच वॉर्डात न्हावी बोलावला.

त्याच आठवड्यात मी ते वाक्य लिहिलं. मॅनेजरनं सांगितलं आणि मी लिहिलं. चौकशीची फाइल तेवढ्यावर मिटली. कपाटाला नवी काच बसली, नवं कुलूप लागलं. मी पुढे वर्षभरानं नोकरी सोडली, ती ‘घरच्या कारणासाठी’.

यंदा शेळगावात एका साखरपुड्याला तो भेटला. गुळगुळीत गाल, थरथरत्या हातात कप, बशीत सांडलेला चहा. म्हणाला, “तात्या, तुमी सांगितलं हुतं दाढी काढ. म्या आयकलं न्हाय, तुमाला बी अडचणीत आणलं. अन् वर नवस बी मोडला. पोरगी चालती, पर एक पाय वडती. कुणाला बोल लावू?”

तो माझी माफी मागत होता.

दुसऱ्या दिवशी मी निरवांगीला गेलो. ओट्यावर तो आणि त्याची बायको बसले होते. मी सगळं सांगितलं: कुलूप, फोन, पाना, वाक्य. तो हनुवटीवरून हात फिरवत राहिला.

“म्हंजी मास्क दिलाच न्हवता?”

“नाही.”

“मग दाढी...”

“दाढीचा काही संबंध नव्हता.”

बायको उठली. “दवाखान्यात पायथ्याशी हुबं हुता की तुमी! त्यो वस्तरा फिरायच्या आदी एक शबूद फुटला न्हाय? पाच वरसं हे माणूस पोरीच्या पायाकडं बगून रडतंय. देवाला भ्यालं हे. भ्यायला पायजे हुतं तुमी!”

“लिवा,” ती म्हणाली. “खोटं लिवलं तसंच खरं लिवा. सही करून. एक कागद सरकारला, एक हितं.”

मी कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयात नवा जबाब दिला. तिथल्या कारकुनानं विचारलं, “इतकी वर्षं काय करत होता?” मी कागद परत मागून घेतला आणि तेही लिहिलं: गप्प होतो. उत्तर अजून आलेलं नाही. प्रकल्प चालू आहे. किल्ली कुणाकडे असते याची चौकशी केली, तर वॉचमन म्हणाला, साहेबांकडेच.

दुसरी प्रत घेऊन मी निरवांगीला गेलो. त्यानं ती हातात घेतली, पण कागद थरथरत होता, अक्षरं ठरेनात. त्यानं मुलीला हाक मारली. ती पाय ओढत आली, त्याच्या मांडीला टेकून बसली आणि शाळेतला धडा वाचावा तशी एकेक शब्द लावत वाचू लागली. “का-म-गा-राला मास्क दे-ण्यात आला नव्हता. त्याच्या दा-ढीचा अप-घा-ताशी संबंध नाही.”

“परत वाच,” तो म्हणाला.