पाहुण्यांसाठी ठेवलेला निळा ब्रश

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आता लिहितोय, तरी दारात कुणाची चाहूल लागली की हात थांबतो.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान होता — आजही आहे. धसईला आमच्याकडे सगळे मशेरी लावणारे, नाहीतर करंजाची काडी चावणारे. शहापूरला नोकरी लागली आणि मी बॅटरीवर चालणारा ब्रश आणला. सकाळी ओटीवर उभा राहून शेजारी ऐकू जाईल असा घरघरवायचो. ‘जन्मभर टिकेल,’ असं बाबांना सांगितलं होतं. डब्यात ब्रशला बसवायची दोन डोकी होती, लाल आणि निळं. लाल माझं. निळं बाबांनी कोरंच ठेवलं — पाहुण्यांसाठी, नवा टॉवेल ठेवतात तसं.

महिनाभरही गेला नसेल, दांड्याची मान तडकली. पडला नव्हता, आपटला नव्हता, नुसता वापरून. एवढी फुशारकी मारल्यावर सांगणार कुणाला? सायकलवाल्याकडचं सोल्युशन लावलं, डब्यात ठेवला, गप्प बसलो.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला, निर्मलाला, पाहायला सापगावची माणसं आली. मुलाचे वडील आणि आत्या. परतीची एस.टी. आलीच नाही, म्हणून मुक्कामाला राहिली. सकाळी बाबांनी निळं डोकं बसवून ब्रश मुलाच्या वडिलांच्या हातात दिला. “घ्या पावनं, आमच्या पोराची मशीन हाय.”

‘तडकलाय’ — एवढा एक शब्द. तो का नाही निघाला?

ब्रश घरघरला आणि कट्‌कन मान तुटली. आतली तार हिरडीत घुसली. पाहुण्याच्या हनुवटीवरून रक्त. बाबा माझ्याकडे वळले. “कोनी पाडला रे ह्यो?”

“निर्मलाने पाडला असेल,” मी म्हणालो. “काल झाडताना.”

ती चहा घेऊन दारातच उभी होती. “दादा, मी त्याला हात तरी लावलाय का रे कधी?”

आत्या पदर सावरत म्हणाली, “हात धांदरट, नि जीभ पन लांब.”

चहा तसाच राहिला. सापगावहून नकार आला. मग ही गोष्ट फिरली, आणि कुणी विचारेना. शेवटी निर्मलाला वैशाखरे गावी दिली — बिजवराला.

मी जातो तिच्याकडे, भाऊबीजेला. सकाळी ती करंजाची काडी मोडून माझ्या हातात देते. मी खाली बघतो. आज विचारेल का? दरवर्षी हीच धास्ती. ती विचारत नाही. विसरली? की वाट बघतेय?

ब्रश तडकलेला होता. मला माहीत होतं. निर्मला खरं बोलली होती.