काना पुसून मात्रा

गुरांसाठी भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आला की मी आजही आंजी गावातल्या त्या गोठ्यालगतच्या ओसरीत जाऊन बसते. ऐंशी सालच्या आसपास तिथं मी बायांचा साक्षरता वर्ग घ्यायची. गिरजाबाई कापूस वेचून थेट यायची. बोंडांनी ओरखडलेल्या बोटांत पाटी घट्ट धरायची, पण मोठ्यानं वाचायला कधी धजली नव्हती.

त्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं, 'मला वाचता येते.' ती आपणहून उठली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणाली, "मले वाचता येते."

बाया हसल्या. "गिरजाबाई, 'मला' आहे ते," मी म्हटलं. वाटलं, आता ही खाली बसेल आणि उद्यापासून यायचीच नाही.

"दिसते मले ते, बाई. पण आमच्या घरी 'मला' कोनी म्हनतच नाई. मंग हे माह्यं कसं?"

तिनं अंगठ्यानं 'ला'चा काना पुसला, माझ्या हातातला खडू घेतला आणि 'ल'वर मात्रा दिली. "आता झालं माह्यं."

तेव्हा मला तिच्या धिटाईचंच कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, बाकी साऱ्या माझी अक्षरं गिरवत होत्या. त्या वर्गात पहिल्यांदा लिहिलं ते गिरजाबाईनं.