अळणी प्रसाद

माझा देवावर राग होता. राहुरीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या भजनाची चाल धरायची ती मीच, आणि त्यानं नेमका माझाच श्वास काढून घ्यावा! ओट्यावरून अंगणात उतरले तरी धाप लागे. आडवं झालं की जीव गुदमरे, म्हणून गोधड्यांच्या चवडीला टेकून बसूनच डोळा लावायचा. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राही. नगरचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, पुरतं बरं होणार नाही, पण सांभाळलंत तर चांगलं जगाल. त्यांनी लघवीच्या गोळ्या दिल्या आणि मीठ तोडायला सांगितलं. मीठ तोडून कसलं चांगलं जगणं, असं मला वाटलं.

तरी घरात मी पथ्य कडक पाळलं. लोणचं, पापड, सगळं बंद. पण दर सोमवारी पाय पुन्हा टम्म. मीठ खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं की मी छातीठोकपणे नाही म्हणे. खरं तर रविवारी भैरोबाच्या देवळात आमटी-भाकरीचा प्रसाद असे, आणि ती खारट, झणझणीत आमटी मी पोटभर ओरपत असे. पण प्रसाद कधी बाधतो का? आमच्याकडं कुणालाही विचारा.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी एका रविवारी पंगतीत बसले आणि घासच उचलवेना, इतकी धाप लागली होती. प्रसाद टाकवेना आणि खाववेना, मला रडूच फुटलं. शेजारी पाथर्डीकडची एक अनोळखी बाई बसली होती. माझी न शिवलेली आमटी बघून म्हणाली, "तुमचंबी अळणी हाय व्हय? माझाबी नवस हाय, सालभर मीठ न्हाई खायाचं. घ्या की ह्यातलं." तिनं फडकं सोडून अळणी भाकरी, डाळ आणि गूळ पुढं सरकवला.

"पण ताई, हा प्रसाद कसा?" मी विचारलं.

"देवाम्होरं ठिवून आनलाय न्हवं? मग प्रसादच की! मीठ मीच देवाला देऊन टाकलंय."

काय सांगू, अंगावर काटाच आला! मी आजारी आहे हे सांगायचंही सुचलं नाही. डॉक्टरांनी हिसकावून घेतलेलं मीठ देवाला देता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या फडक्यातली ती भाकरी मला इतकी गोड लागली! पुढच्या रविवारपासून मीही घरून अळणी नैवेद्य नेऊ लागले आणि तोच प्रसाद म्हणून खाऊ लागले. हळूहळू सूज ओसरली. एका सकाळी जाग आली तर मी चक्क आडवी झोपले होते! आनंदानं मी सगळं घर उठवलं.

ती बाई पुन्हा कधी भेटली नाही. मी तिला भैरोबानंच पाठवलेली मानते. कुणी हसलं तर हसू दे.

चैत्रात यात्रेच्या भजनाला मी टाळ घेऊन उभी राहिले, तशी आमचे मालक मागून म्हणाले, "बसून म्हन की, कशाला हाव करतीस?" पूर्वी मी ऐकलं नसतं. या खेपेला मुकाट बसले. उंच ओळ आली आणि श्वास अपुरा पडला. मी घाबरले नाही, नुसती जावेकडं मान हलवली. तिनं ती ओळ उचलली, सगळ्या बायकांनी उचलली. तेवढ्यात मी श्वास भरून घेतला आणि पुढची ओळ धरली.