मयुराच्या वाटचं तूप

इंदुताई भडकल्या की नंदनवन वस्तीतली त्यांची गल्ली कान टवकारते. सकाळी चौकात त्यांचा तर्री-पोह्यांचा ठेला लागतो. तिथे आगाऊपणा करणाऱ्याला त्या चारचौघांत उभा-आडवा घेतात, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा प्लेट धरून उभा असतो. पण त्या दिवशी घरातून आलेला आवाज ठेल्यावरचा नव्हता.

कारण होतं त्यांची एकुलती एक लेक, मयुरा. कॉलेजात गेल्यावर तिने जेवण कमी केलं. मग सोमवार, गुरुवार, चतुर्थी, जो सापडेल तो उपवास धरला. शेजारच्या बायांनी 'किती सोज्वळ पोरगी' म्हणून तोंडभर कौतुक केलं. कौतुक करायला यांचं जातं काय! पोरगी वाळून काडी झाली, पाळी थांबली आणि एक दिवस जिन्यातच कोसळली. नाडी इतकी मंद, की यंत्र बिघडलं समजून नर्सने दुसरं आणलं. हा न जेवण्याचा आजार मनातला आहे, पण आता हृदयापर्यंत पोचलाय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हापासून इंदुताई एकेका घासासाठी लढल्या. वरणावर चमचाभर तूप पडू द्यायला मयुराला कित्येक महिने लागले. नाडी कुठे ताळ्यावर येत होती, तोच महादेवरावांनी माती खाल्ली.

महादेवराव म्हणजे मयुराचे वडील. खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी, स्वभावाने गरीब. पण स्वतःच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून घरातले अर्धे डॉक्टर. मयुराच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं. आपलंच दुखणं लेकीला लागलं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. बायको ठेल्यावर असताना तुपाची बरणी शेजारी देऊन आले आणि लेकीला म्हणाले, "बेटा, तूप आपल्यासाठी जहर हाय."

मयुरा पुन्हा कोरडी पोळी चिवडायला लागली. इंदुताईंनी बरणी शोधली, झाला प्रकार कळला, आणि नवऱ्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की शरीर उपाशी असलं तरी कोलेस्टेरॉल चढू शकतं. मयुराचं चढलंय ते तूप जास्त झाल्याने नाही, अन्न कमी पडल्याने. उपासमारीत रक्तवाहिन्यासुद्धा ताठर होऊ शकतात. त्यावर उपाय पोटभर जेवण आणि धीर. "तुमचं पथ्य तुम्ही पाळा. तिला लावू नका."

घरी पाऊल टाकलं आणि इंदुताई फुटल्या.

"मले काहून विचारलं नाई? मी हातापाया पडून एकेक चमचा चारून राहिली, अन् तुमी बरणीच देऊन टाकली!"

"अवं, तिच्या भल्यासाठीच केलं ना. मले भेव वाटलं."

"भेव तुमाले वाटलं, अन् उपाशी ती राहिली!"

संध्याकाळी महादेवराव नवं तूप घेऊन आले. लेकीच्या वरण-भातावर स्वतःच्या हाताने वाढलं आणि म्हणाले, "खा बेटा. माझं चुकलं."

मयुराने ताट लोटलं.

"चुकलं म्हणता? बाबा, माझ्या डोक्यात एक आवाज दिवसभर म्हणत राहते, नको खाऊ, जहर हाय. मी त्याच्याशी भांडून भांडून जेवून राहिली होती. घरात कोणीच तसं म्हणत नाई, म्हणून तो खोटा हाय, एवढाच मले आधार होता. आता तो तुमच्या आवाजात बोलते! आता मी त्याले खोटं कसं म्हणू?"

तिचा चेहरा लाल झाला होता, गळ्याची शीर तटतटली होती. दोन वर्षं ही पोरगी खाली मान घालून 'भूक नाही' एवढंच पुटपुटत आली होती. तिच्या अंगात रागवायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. इंदुताईंच्या मनात आलं, ओरड माझी माय, अजून ओरड.

महादेवराव डोळे पुसत उठायला लागले.

"बसा," इंदुताई म्हणाल्या. "तिचं जेवण होईपर्यंत उठायचं नाई."

ते बसले. मग मयुराने ताट पुढे ओढलं आणि घास तोंडात कोंबला. बापावरची जळजळीत नजर तिने हटवली नाही. आणि त्या माणसानेही, जन्मात पहिल्यांदाच, मान खाली घातली नाही.