तळातली मिरची

"वरलं नका दखाडू. तळनं दखाडा."

एवढं बोलून नाना सुक्या मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. तळातली मिरची काढायची, मोडायची, हुंगायची आणि मगच भाव बोलायचा. नंदुरबारच्या बाजारात अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण सख्ख्या भावाच्या पोत्यातही तेवढाच खोल हात घालणारे मी तरी हेच पाहिले.

नाना मिरचीचे व्यापारी, आणि मी त्यांच्याकडेच कामाला होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ते मी सांगत फिरायचो. नाना म्हणत, "तुन्ही डिग्री कागदवर, मन्ही नाकमा."

मग ते पोत्यांना अडखळू लागले. समोरचं दिसे, कडेचं नाही. कुणीतरी मुद्दाम वाटेत पोती ठेवतंय, असा त्यांचा संशय. सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या तळाशी गाठ आहे, डोळ्यांच्या नसा दाबतेय. डोकं उघडायची गरज नाही, नाकातून दुर्बीण घालून काढू. नाही काढली तर नजर जाईल. ऑपरेशननंतर वास मात्र काही दिवस जाईल, एखाद्याचा परत येतही नाही.

नानांचा हात नाकावर गेला. संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "वाच. एक बी अक्षर खाऊ नको." मी तीनदा वाचला, तेव्हा कुठे सही झाली.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर खरा संशय सुरू झाला. "डोकाले टाका नही, पट्टी नही. काय काढं तेस्नी? तू दखं का?"

मी ऑपरेशननंतरच्या स्कॅनची फिल्म उजेडात धरली.

"हाई वरलं शे," नाना म्हणाले.

नाक शिंकरू नका, वाकू नका, दीड महिना मिरचीच्या धुळीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नानांनी त्याचाही अर्थ लावला. "मन्हं नाक चोरी लिधं तेस्नी. समजाले नको म्हनीसन लांब ठेवतस."

तिसऱ्याच आठवड्यात तोंडाला रुमाल बांधून ते बाजारात हजर. मी अडवलं, तर मलाच बाजूला सारलं. मिरची मोडली, हुंगली. दुसरी मोडली. तिसरी. वास काहीच नाही.

तेवढ्यात मान न वळवता ते म्हणाले, "बापू, पानी मारी ऱ्हायना का रे?"

डावीकडे, पार टोकाला, बापू नावाचा शेतकरी वजन वाढावं म्हणून पोत्यावर पाणी शिंपडत होता. तो जागीच थिजला. नाना माझ्याकडे बघत राहिले.

"कडनं दखाई ऱ्हायनं माले," हळूच म्हणाले. आणि जरा वेळानं, "काढी व्हई मंग गाठ."

वास काही परत आला नाही. ते माझ्या डावीकडे उभे राहून मिरची मोडून माझ्या नाकाशी धरू लागले. "हुंग. आनि खोटं बोलू नको." मी सांगे ते ऐकून भाव बोलत. कागद तीनदा वाचायला लावणाऱ्या माणसानं हे मात्र दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं ते गेले. बाजारात अजून कुणी कुजबुजतं, नाकातून मेंदूच काढला होता म्हणून. मी तिथल्या तिथे खोडून काढतो.

यंदाची मिरची आली आहे. मी कोपरापर्यंत हात घालतो, तळातली काढतो, मोडतो, हुंगतो. भाव बोलण्याआधी जरा थांबतो. माझ्या डाव्या कडेला ते उभे असायचे. मी मान वळवत नाही.