डिपॉझिटची भिंत

माझा धाकटा भाऊ रंगारी. लोकांनी सोडलेली भाड्याची घरं पुन्हा रंगवून द्यायची, हे त्याचं काम. स्वतः मात्र चाळिशी उलटली तरी माझ्याच घरी, बाहेरच्या खोलीत पसरलेला. आईही आमच्याकडेच. पण तिचं एकच टुमणं, "मुलाच्या घरी राहायचंय." तिच्यासाठी म्हणून या पठ्ठ्याने आयुष्यात पहिल्यांदा भाड्याची खोली घेतली.

घरमालकाने एका महिन्याचं भाडं आगाऊ मागितलं आणि वर तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट. धाकट्याची सगळी पुंजी त्यात गेली. मला दोन्ही सारखंच वाटलं, तेव्हा त्याने समजावलं, "भाडं गेलं ते गेलं, ताई. डिपॉझिट आपलंच असतं, खोली सोडताना परत मिळतं. काही खराब केलं तर कापून घेतात."

"आपलंच आहे तर तोंड का पाडलंस?"

तोंड पाडायला त्याच्याकडे कारण होतं. वर्षानुवर्षं मालक लोक त्याला रिकाम्या घरातून फिरवत आले होते. हे खिळ्याचं भोक बघ, हा ओरखडा बघ, बिल जरा सढळ हाताने लाव, भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जाणार आहे. आणि आमचे हे चिरंजीव लावायचेही. आता स्वतःच भाडेकरू झाल्यावर त्याला घाम फुटला.

नव्या खोलीत एक खिळा ठोकला नाही त्याने. कपडे खुर्चीवर, घड्याळ ट्रंकेवर, आरसा जमिनीवर टेकवलेला. भांग पाडायचा तर उकिडवं बसा! मी हसून सोडून दिलं. पण आईचे गुडघे गेलेले, बाथरूमची फरशी गुळगुळीत, धरायला काही नाही आणि हा दिवसभर कामावर. मी एक स्टीलची दांडी विकत आणली, भिंतीला लावायची.

"चार स्क्रूचं तर काम आहे," मी म्हटलं.

"टाइल्सना ड्रिल? एक तडकली की डिपॉझिटवर पाणी सोडायचं."

"मग मालकाला विचार."

"विचारलं की त्याचं लक्ष जाईल."

"अरे, आई पडली म्हणजे?"

"मी सांगितलंय तिला, भिंतीला धरून जा."

माझं डोकं फिरलं. पण घर त्याचं, हट्ट त्याचा. दांडी कागदासकट पलंगाखाली गेली.

आई पडली नाही. तिने बाथरूमला जाणंच कमी केलं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पिणं सोडलं. सकाळी तो पाण्याची मोठी बाटली भरून उशाशी ठेवून जायचा. ती पाणी खिडकीबाहेर ओतायची. संध्याकाळी रिकामी बाटली बघून हा खूश. एका दुपारी मी भेटायला गेले, तर ती असंबद्ध बरळत होती. मला ओळखेना. ओठ सुकून भेगाळलेले. तशीच उचलून दवाखान्यात नेली. शरीरातलं पाणी पार आटलंय, मूत्रपिंडांना धक्का बसलाय, डॉक्टर म्हणाले.

ती शुद्धीवर आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. तेव्हा कुठे बाटलीचं कळलं.

"त्याचे पैसे अडकलेत ना त्या भिंतीत," ती म्हणाली. "मी जराशी जरी घसरले असते, तर त्याने दांडी ठोकली असती. मग?"

धाकटा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो बाहेर गेला आणि त्याने मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज खणखणीत, दारापर्यंत ऐकू येत होता.

"अहो, बसवा की दांडी! सगळं डिपॉझिट कसं जाईल? टाइल फुटली तर त्या टाइलपुरते कापेन. आणि सोडताना भोकं बुजवायला तुम्हाला कोणी शिकवायला हवं का?"

त्याने फोन खिशात टाकला आणि कपाळ भिंतीला टेकवलं. त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि पोटाशी धरावं असंही. मी नुसती उभी राहिले.

दांडी त्याच दिवशी बसली. एकही टाइल तडकली नाही. आई घरी आली, दांडीला धरून नीट जाते-येते. पण मूत्रपिंडं पुन्हा पहिल्यासारखी झाली नाहीत. आता तिला पाणी मोजूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवसभर तिच्या घशाला कोरड पडते.

"घोटभर दे रे," ती म्हणते.

धाकटा बाटली हातात धरून बसतो आणि तिला नाही म्हणतो.